पोळ्याचा स्लॅब

पुणे, ४ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप बापूमामास,
वैजयंतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

खुशाल आहे असं लिहायची रीत म्हणून लिहिते. खरं तर दोन दिवस झाले, मोठ्या पेचात अडकले आहे. तुम्हाले फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. आईले यातलं काही सांगू नका.

बांधकाम व्यवस्थापनाच्या एम. टेक.चं हे शेवटचं वर्ष, म्हणून मी इथे बारा मजली इमारतीवर प्रशिक्षण घेते. कोणतं काम कोणत्या दिवशी होणार ते सारं वेळापत्रक कंप्युटरवर मीच बसवलं आणि सातव्या मजल्याचा स्लॅब सोमवारी ठेवला. सोमवारी सकाळी काँक्रीटच्या गाड्या दारात, अन् वर चिटपाखरू नाही! स्लॅब ओतणाऱ्या गोपीचंद मुकादमाची सारी टोळी पोळ्यासाठी गावाले गेलेली. आपल्या रिसोडजवळच्या मालेगावकडची माणसं. कंप्युटरच्या सुट्ट्यांत पोळा नव्हता, मामा, आणि केनवडच्या या पोरीच्याही डोक्यात आला नाही.

मोठे साहेब भडकले. टोळी न सांगता पळाली असा अहवाल मी द्यावा, म्हणजे तिले काढता येईल, असं त्यांचं म्हणणं. तो दिला तर पदवीनंतर नोकरी पक्की. पण गोपीचंदनं शनिवारी मले सांगितलं होतं की सोमवारी पोळा हाये. मी हसून म्हटलं, मजा आहे, पुरणपोळी खा! तो खुशीत गेला. आपल्याकडे रजा अशीच मागतात ना? सणाचं नाव घेतलं की झालं. मी काय लिहू, लवकर कळवा.

रागवा, पण माया करा.
तुमची, वैजू

केनवड, ८ सप्टेंबर

चि. वैजूस बापूमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. अवं, पोळा इसरली? लहानपणी बैलाच्या शिंगाले बेगड लावाले सगळ्यात पुढं तूच राहे. आता हे बैलाले सांगू तरी कसं?

मस्करी राहू दे. साहेब म्हणते ते लिहून दे, बह्याडासारखं करू नोको. गोपीचंदच्या हातात कसब हाये, त्याले दुसऱ्या साइटवर काम भेटन. तुले अशी नोकरी कोण देईन? तुह्ये बाबा गेल्यावर विजयमालानं डोक्यावर वांग्याचे टोपले वाहून तुले शिकवलं. माह्या बहिणीचे ते दिवस मी डोळ्यानं पाह्यले. अन् मी तं रिसोडच्या बाजारात साऱ्याइले सांगून बसलो का भाचीची नोकरी पक्की हाये. मले तोंडघशी पाडू नोको.

बाकी मिरची साजरी हाये. भेंडीवर माव्याची कीड पडून राह्यली.

ममता आहेच, ती कमी होणार नाही.
तुह्या, बापूमामा

पुणे, १४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप मामास,
कोपरापासून नमस्कार, वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. टोळीनं आधी सांगितलं होतं, मले ते समजलं नाही, वेळापत्रकाची चूक माझी, असं लिहून दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं की काय घालवते आहेस ते कळतं का. मी हो म्हटलं. टोळी राहिली. नोकरी मात्र दुसऱ्या मुलाले द्यायचं ठरलं. पदवी मिळेल, तिले धक्का नाही.

गंमत ऐका. मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात एका कंपनीचे मोठे पाहुणे येऊन सांगून गेले होते की नुसतं वेळापत्रक बसवणारे ढिगानं मिळतात, धंद्याले माणसाचं बोलणं समजणारे हवेत. परीक्षेत त्यावर प्रश्न आला, मी झकास उत्तर लिहिलं, सर्वांत जास्त मार्क मिळाले!

आईची आठवण येऊन काल खूप रडले. तिले मी स्वतः फोन करून सांगते. आता नवं वेळापत्रक बसवण्याआधी गोपीचंदले बोलावून बसवते आणि गावाकडचे सारे सण विचारून घेते.

अबोला धरू नका, एवढंच मागते.
तुमची, वैजू

केनवड, १४ ऑक्टोबर

चि. वैजूस अनेक आशीर्वाद.

महिनाभर पत्र नाही धाडलं, कारण मी रागातच होतो. बाजारात लोक नोकरीचं विचारत अन् मी रस्ता बदलो. विजयमाला तं तुह्या फोननंतर खाली मान घालून भाजी निसत राह्यली. त्याचंच मले लय वाईट वाटलं.

परवा दसऱ्याले गोपीचंद बायकोले घेऊन सोनं द्याले आला. यंदा वैजूताईनं सुटी आधीच धरून ठेवली होती म्हणे. आपट्याचं पान हातात देऊन तो अंगणातच सांगू लागला, का ताईनं साहेबापुढं आमची बाजू घेतली, आपली नोकरी घालवली, पण आमाले उघड्यावर पडू देलं नाही. मले कमी ऐकू येते म्हणून कोणीतरी त्याले सांगतलं असन, तो गडी बोंबलूनच बोलत होता. साऱ्या आळीनं कामं टाकले. विजयमाला दारात येऊन उभी राह्यली, डोळ्याले पदर लावून.

मले पहिल्याच खेपेले सारं ऐकू आलं होतं, वैजू. तरी मी कानामागं हात धरून अजून दोनदा इचारलं, का बाप्पा, काय म्हणतं?

दिवाळीले ये. माया वाढतीच ठेव.
तुह्या, बापूमामा