ताज्या ब्रेडच्या बाजूने

सोमवार, ६ मार्च. संध्याकाळी ७

माझ्या एकमेव श्रोत्या! ही वही तुझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, आणि तू म्हणजे मीच. तेव्हा आडपडदा नको. आपलं दोघांचं दुःख एक आहे. या घरात आपण बोलायला लागलो की कुणीतरी मिक्सर लावतं. आज लावला तेव्हा त्यात काहीही नव्हतं. मी झाकण काढून पाहिलं.

विषय गंभीर होता. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नव्या मशीनचं ट्रेनिंग, दुसऱ्या शहरात, तीन महिने. परत आली की लॅबची इनचार्ज. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा, रविवारी निघायचं. मी तिथल्या तिथे उभा राहिलो आणि पाठिंबा जाहीर केला. समतेवर आजवर एकोणीस व्याख्यानं दिली आहेत. विसावं घरातच द्यायचा योग आला. तिसऱ्या मुद्द्यावर मिक्सर.

मिक्सर थांबल्यावर तिने विचारलं, अहो, आणि स्वयंपाक? मी म्हणालो, स्वयंपाक हा बाईचा आणि पुरुषाचा असा वेगळा नसतो. मुलगी (इयत्ता आठवी, तोंड बारावीचं) म्हणाली, बाबा, पण गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते माहितीये का तुम्हाला?

बायकोने तोडगा काढला. गुरुवारी संध्याकाळी मी दोघींना काहीतरी एक करून घालायचं. एकच पदार्थ. जमलं तर स्वयंपाकघर माझं. नाही जमलं तर तीन महिने जेवायला तिच्या भावाकडे.

तिचा भाऊ! गल्लीच्या तोंडाशी बेकरी चालवणारा तो माणूस! ‘भूक आणि विचार’ या माझ्या व्याख्यानाच्या ऐन भरात याने सभागृहाच्या मागच्या दाराशी गरम बनचा ट्रे आणून ठेवला होता. बहिणीचा नवरा बोलतोय म्हणून कौतुकाने, असं त्याचं म्हणणं. चार मिनिटांत सभागृह रिकामं. अध्यक्षसुद्धा गेले. नऊ वर्षं झाली, मी विसरलेलो नाही.

त्याच्या टेबलावर मी तीन महिने बसणार नाही. हा निर्धार.

सोमवार, रात्री ८

पदार्थ ठरला. ब्रेडवरचा पिझ्झा. व्हिडिओ पाहिला. अख्खा ब्रेड मधून आडवा चिरायचा, वर सॉस, भाज्या, चीज, की ओव्हनमध्ये. ती बाई बारा मिनिटांत करते आणि सारखी हसते. शेवटी म्हणते, लहान मूलही करेल. हा अपमान मी नोंदवून ठेवतो. तिच्यापेक्षा चांगला करणार.

मंगळवार, ७ मार्च

दिवसभर अभ्यास, शाळेत शिकवण्याच्या मधल्या मोकळ्या तासांतही. ब्रेडच्या इतिहासावर तीन लेख वाचले, अकरा पानं टिपणं काढली. ब्रेड मिळेना म्हणून सिंहासनं उलथली आहेत. विषयाचा पाया पक्का झाला.

मुलीने विचारलं, बाबा, ओव्हन एकदा लावून तरी बघितलात का? मी सांगितलं, चाचणी त्याने घ्यावी ज्याला शंका आहे. ती म्हणाली, आत झाकणं ठेवलीत आईने, तेवढी काढा म्हणजे झालं.

काढली. सतरा निघाली. या घरात इतकी भांडी नाहीत.

बुधवार, ८ मार्च. संध्याकाळी ६

बेकरीत गेलो. कामापुरतं बोलायचं असं ठरवून. म्हणालो, न कापलेला ब्रेड. मेहुण्याने विचारलं, कशाला हवाय दाजी? सांगावं लागलं. तर हा माणूस खालच्या फळीवरून एक ब्रेड काढतो आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणतो, पिझ्झाला ना? मग हा कालचा घ्या.

कालचा! मला! सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला शिळा माल!

मी काउंटरकडे पाठ केली आणि रांगेला उद्देशून बोललो. ताजेपणा हा प्रत्येकाचा हक्क आहे. खालच्या फळीवर काय दडवलंय ते विचारायला शिका. रांग शांतपणे ऐकत होती. मग पहिली बाई म्हणाली, अय्या, कालचा आहे का? मला दोन द्या, टोस्टला बरा पडतो. तिच्या मागच्यानेही तोच मागितला. अशी ही जनता.

मेहुणा हसतही नव्हता, हे जास्त चीड आणणारं. म्हणाला, दाजी, ताज्यात ओल असते. कालचा सॉस पेलतो. आणि ताजाच न्यायचा तर तासभर निवू द्या, गरम कापलात तर गोळा होईल.

धंद्याच्या युक्त्या मला शिकवतो. उद्या पाच वाजता भट्टीतून निघेल तो पहिला ब्रेड माझा. बजावून आलो.

गुरुवार, ९ मार्च. दुपारी ४

शाळेतून अर्धी रजा. भाज्या चिरल्या. ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो, मका, मशरूम. व्हिडिओतली बाई चिमूटभर घालते. मी कंजूष नाही.

सॉसची तयार बाटली घरात आहे. नाकारली. बाटली म्हणजे शरणागती. सहा टोमॅटो कच्चेच मिक्सरमधून काढले. मिक्सर पहिल्यांदाच माझ्या बाजूने चालला.

५.२०

ब्रेड आणला. इतका गरम की दोनदा हात बदलले. मेहुण्याने पिशवीही दिली नाही; म्हणे आत वाफ धरेल. सगळ्याला कारण तयार.

५.४०

सुरी बोथट. ब्रेड एका हाताने दाबून धरावा लागला. उंची निम्मी झाली. आतला भाग सुरीला चिकटून बाहेर येतो. दोन भाग झाले आहेत. समान नाहीत, पण समतेचा आग्रह मी ब्रेडकडून धरत नाही.

६.०५

ती बाई आधी नुसता ब्रेड भाजून घेते. मी नाही. एकच गोष्ट दोनदा भाजणं हा वेळेचा अपव्यय. सॉस सगळा ओतला. भाज्या सगळ्या. चीजचं अख्खं पाकीट. उभारणी भव्य झाली आहे. ओव्हनच्या वरच्या दांडीला टेकते, पण आत गेली.

६.२५

धूर. थोडाच.

७.४५

निकाल संमिश्र.

वरून काळा, हे मान्य. मधे मात्र पूर्ण ताजेपणा टिकून होता. मुलीने तुकडा उचलला तेव्हा खालचा ब्रेड ट्रेमध्येच राहिला आणि वरचा थर गोधडीसारखा घसरून तिच्या मांडीवर पडला. हा ब्रेडचा दोष. तिने वाटी आणली, चमचा आणला आणि म्हणाली, बाबा, सूप छान झालंय.

बायकोने आपला वाटा शेवटपर्यंत खाल्ला. एक शब्द बोलली नाही. मौनाचा अर्थ संमती असा मी लावतो.

शुक्रवार, १० मार्च. सकाळी

विचारांती ठाम मत झालं आहे. मेहुण्याने मुद्दाम ओला ब्रेड दिला. ताज्यात ओल असते हे त्याने चार साक्षीदारांसमोर कबूल केलेलं आहे.

आज फॉर्मची शेवटची तारीख. कालच्या प्रकारानंतर ती जायचं रहित करेल असं दिसतं. तिने अपराधी वाटून घेऊ नये म्हणून छोटं भाषण तयार केलं: पुढच्या वर्षीही मशिनं येतीलच, संधी ही परत परत दार ठोठावते. मनापासून लिहिलंय.

शुक्रवार, संध्याकाळी

भाषणाचं पहिलं वाक्य झालं. ती पर्स आवरता आवरता म्हणाली, अहो, फॉर्म मी मंगळवारीच दिला.

मंगळवारी! म्हणजे गुरुवारच्या आधी! मी विचारलं, मग परीक्षा कसली घेतलीस? ती म्हणाली, मी जायचं की नाही हे मी ब्रेडच्या तुकड्यावर ठरवणार होते का? घराची किल्ली कुणाकडे ठेवायची तेवढं बघायचं होतं.

किल्ली तिच्या भावाकडे गेली आहे. धान्याच्या कपाटाचीसुद्धा.

शनिवार, ११ मार्च. रात्री ८

तो वर आला. माझ्या घरात, माझ्या ओव्हनपाशी. बरोबर कालचा ब्रेड. आडवा चिरला, भुगासुद्धा पडला नाही. दोन्ही भाग उताणे ठेवून पाच मिनिटं भाजले. वर बाटलीतला सॉस, पातळ. कांद्याच्या चार चकत्या. चीज इतकं कमी की मला त्याची कीव आली. दहा मिनिटांत ट्रे बाहेर. मुलगी म्हणाली, मामा, हा उचलला तरी उभा राहतो!

मी बहिष्कार जाहीर केला. सात वाजून दहा मिनिटांनी एक तुकडा तपासणीसाठी घेतला. दुसरा तुलनेसाठी. तिसऱ्याला कारण सुचलं नाही.

बायको बॅग भरत होती. मी म्हणालो, आमची काळजी करू नकोस. ती म्हणाली, जेवणाची नाहीच वाटत, तो आहे ना. मला भीती निराळीच आहे. तिकडून रोज फोन करेन. दिवसभर काय शिकले, कुठे चुकले, मशीन कसं चालतं, ते कुणाला तरी सांगावंसं वाटेल. तुम्ही ऐकाल का? नुसतं ऐकाल?

या प्रश्नाला उत्तर म्हणून मी चाळीस मिनिटं बोललो.

मधे कधीतरी ती उठून बॅगेची चेन लावायला गेली असावी. मुलगी पुढे बसून होती. शेवटी म्हणाली, बाबा, आई आत आहे.

रविवार, १२ मार्च. सकाळी ६.५०

निरोपाचं भाषण तयार आहे. चार पानं. टॅक्सीने खालून दोनदा हॉर्न दिला. ती दारात उभी आहे, पायात बूट, तिकीट हातात. मुलगी तिला चिकटून उभी आहे.

मी म्हणालो, एक मिनिट, थोडी नोंद करतो. आणि ही चार पानं वाचायची आहेत.

ती म्हणाली, अहो, बॅग जड आहे हो.

एवढंच. काल मी चाळीस मिनिटं बोललो, त्याआधी तिने मला काय विचारलं होतं, ते आत्ता कळतंय. हो की नाही, एवढ्याच उत्तराचा प्रश्न होता तो.

जिन्यात पावलं वाजतात. मेहुणा. तो दम न लागता चढतो. दुसऱ्या मजल्यावर आला असेल, आपला तिसरा.

चार पानं राहू देत. तोंड उघडू नकोस. पेन ठेव, तो दारात पोचायच्या आत ऊठ, आणि तिची बॅग उचल.