फाटक्या कोपऱ्याचे कार्ड

॥ श्री ॥
मु. पो. बावडा, ता. इंदापूर
९ जानेवारी १९५६

तीर्थस्वरूप सोपानदादा यांसी, धाकट्या चंद्राचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू पाठवलेली वीस वाक्ये सोडवली. मिरचीची राखण करता करता लिहिली आहेत, म्हणून कागद मळका. 'योग्य वाक्य निवडा' या प्रश्नात मी पुन्हा आपटले असणार. 'सून पाणी आणते' आणि 'सुनेकडून पाणी आणले जाते' यांत मला दुसरेच बरोबर वाटते. या घरात सगळे आपोआपच होते रे. भाकरी केली जाते, धुणे धुतले जाते. कोणी केले ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

हे जाऊन दोन वर्षे झाली. म्हाळसा चार वर्षांची झाली. सातवीची फायनल पास झाले तर ट्रेनिंग, मग मास्तरीण, मग माझ्या लेकीला मी माझ्या हाताने वाढवीन. एवढ्या एकाच गोष्टीवर मी दिवस काढते आहे. पण मामंजींना अजून विचारलेले नाही. भीती वाटते.

आईला साष्टांग नमस्कार. माझ्या चुका मोजून हसू नकोस.

तुझी,
चंद्रा


बारामती
१५ जानेवारी १९५६

चि. चंद्रा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वीसपैकी नऊ चुकली. हसलो नाही, पण आईला वाचून दाखवले तेव्हा ती हसली. अगं, करणारा डोळ्यांसमोर उभा असताना त्याला मागच्या दाराने का आणतेस? त्याला पुढे बसव, वाक्य आपसूक सरळ होईल. शाळेत पोरांना हेच सांगून माझा घसा बसतो.

तुझा फॉर्म भरला आहे. परीक्षा २६ आणि २७ मार्चला, इथे बारामतीतच. तुझ्या मामंजींशी, आबासाहेबांशी, मी येऊन बोलतो. माणूस तापट आहे, पण न्यायाचा आहे.

आईचा दमा थंडीने वाढला आहे. तरी म्हाळसासाठी गोधडी शिवते आहे आणि मला सुई ओवायला बसवते.

तुझा,
सोपान


बावडा
५ मार्च १९५६

ती. दादास शि. सा. नमस्कार.

हे पत्र गोजरबाई कासारणीच्या हाती देते आहे. तू येऊन गेलास आणि घर बिथरले. आमच्या घरच्या बाया परीक्षेला बसत न्हाईत, असे मामंजी म्हणाले. आता येणारे प्रत्येक कार्ड आधी ते वाचणार. सासूबाई गप्प आहेत. त्या दगडाबाई नुसत्या नावाच्या, मन लोण्याचे आहे, पण त्यांचेही काही चालत नाही.

दादा, रागावू नकोस. मला इथून एकच वाट दिसते. कोपरा फाडलेले कार्ड पाठव. मयताचे कार्ड आले की मामंजी कोणालाही अडवत नाहीत. शेजारच्या घराशी भांडण चालू असतानाही त्यांच्या सुनेला माहेरी जायला आपली गाडी दिली होती. एखाद्या लांबच्या चुलत्याचे नाव लिही. पाप लागले तर मला लागू दे.

तुझी,
चंद्रा


बारामती
११ मार्च १९५६

चि. चंद्रा हीस आशीर्वाद.

हे पत्र गोजरबाईच्याच हाती परत देतो आहे. चार दिवस तुझ्यावर चिडलो होतो. मास्तराने खोटे कार्ड लिहायचे? नाहीच म्हणणार होतो. पण गोजरबाईने पत्र दिले तेव्हा आई शेजारीच होती, तिने वाचायला लावले. लांबच्या चुलत्यासाठी कोण पाठवील, माझेच नाव लिही, असे म्हणाली. लेकीच्या कामी जित्यापणीच मरण आले तर बरेच की, असे म्हणून ती परत गोधडीला लागली. मला मात्र जेवण गेले नाही.

त्या कार्डापुढे माझा हात चालेल की नाही ते ठाऊक नाही.

सोपान


बारामती
२१ मार्च १९५६

रा. रा. आबासाहेब यांसी,
कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या मातोश्री सरुबाई यांस काल सकाळी देवाज्ञा झाली. चि. चंद्रास पाठवावे.
सोपान


बावडा
३१ मार्च १९५६

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पेपर दोन्ही बरे गेले हे तुला माहीतच आहे. पुढचे लिहिते.

मामंजी आणि सासूबाई दहाव्याला बारामतीत येतील या धास्तीने मी लगेच परतले. घरात पाऊल टाकले तर कालवणाला फोडणी नाही. सासूबाईंनी सुतक धरले होते. दहाव्याला न्यायचे लुगडे आणून ठेवले होते. आमच्या लग्नात विहिणीने त्यांचे दुखरे पाय चेपले होते म्हणे, ते आठवून रडत होत्या. आणि इथे ठेवून गेलेली म्हाळसा रोज भाकरीचा तुकडा अंगणात ठेवून कावळ्याला आजी, आजी म्हणून हाका मारत होती.

मला ते बघवले नाही. चूक झाली, असे तोंडावर आले होते. ते गिळले. मामंजींच्या पुढे उभी राहिले आणि सांगितले की माझी आई जिवंत आहे, कोपरा मी फाडायला लावला, परीक्षेला मी बसले, दादाचा यात दोष नाही.

ते उठले. पटका उचलून मळ्यात गेले. आज तिसरा दिवस, माझ्याशी बोलत नाहीत. हाकलले असते तर बरे वाटले असते. आईला जप.

चंद्रा


बावडा
८ जून १९५६

गं. भा. सरुबाई विहीणबाईंस आबासाहेबांचा रामराम.

मेलेल्या माणसाला कागद लिवायची ही माजी पयलीच येळ. चुकभूल झाली तर सांबाळून घ्या.

निकालाचं कार्ड आलं. आधी मीच वाचलं, माजा नेम हाय. सूनबाई पास हाय. तिला अजून सांगितलं न्हाय.

तुमचा लई राग हाय. तुमच्या नावानं मी गार पाण्यानं आंघोळ केली, ते सोडा. पण उद्या खरंच तसलं कार्ड आलं तर आमी रडावं का न्हाय, ते सांगा. आमचं रडणंच तुमी मायलेकींनी नासवलं. सूनबाई मात्र तोंडावर म्हणाली, मी केलं. ह्या घरात चाळीस वर्सांत मला असं कुणी म्हणालं न्हवतं. मीबी न्हाय.

आमच्या मंडळींनी अजून कालवणाला फोडणी दिली न्हाय. मी पुसलं तर म्हणते, विहीण गेली म्हणून मी सोडली, डोळ्यांनी दिसल्याबिगर धरायची न्हाय. दोन म्हयनं आळणी खातोय. तवा तुमी सोता या. लुगडं तसंच घडी घालून ठेवलंय, ते नेसा. नातीला दिसा, ती अजून कावळ्याला हाका मारती. मग तुमच्या लेकीला निकाल तुमीच सांगा, आन् ट्रेनिंगला कवा न्यायची ते माज्यासमोर बसून बोला.

दमा हाय म्हणत्यात, तर इंदापूरला आमच्या गड्याची, महिपतीची गाडी उभी करतो. सोपानरावास्नी आशीर्वाद, मास्तर असले तरी.

कार्डाचे चारी कोपरे बघून घ्या. साबूत हायत.

आबासाहेब