हाकेला धावणारी लिफ्ट

सोमवार, ३. रात्र.
आज सकाळी साडेपाचला उठलो, देवाला हात जोडले आणि लॅपटॉप उघडण्याआधी संकल्प केला: या आठवड्यात कोणाच्याही कामाला हो म्हणायचं नाही. पुढच्या सोमवारी अकराला डेमो. स्क्रीनवर दहा मजली इमारत आणि एक लिफ्ट. मोबाईलवर बटण दाबलं की वेब एपीआयमधून, म्हणजे इंटरनेटवरून, निरोप येणार आणि आधी कुठल्या मजल्यावर जायचं ते माझा प्रोग्राम ठरवणार. चालला तर मी नव्या टीममध्ये. नाही चालला तर तळघरात, जुन्या फायलींपाशी. ऑफिसातल्या मॅडमनी हे फार गोड आवाजात सांगितलं. माझ्या पुतणीच्या वयाच्या आहेत.
सात दिवस म्हणजे चिक्कार.
मास्तर (शेजारचे, निवृत्त) यांचा फोन अडला होता. पाच मिनिटं म्हणून गेलो, नऊ वाजले. संकल्प उद्यापासून.

मंगळवार, ४.
इमारत तयार. खिडक्यांना पडदेसुद्धा काढले. हिने विचारलं, लिफ्ट कुठाय? म्हटलं, आधी पाया भक्कम हवा.
मेहुण्याचा फोन. कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय, दाजी, तुमच्याशिवाय कोण आहे? ते खरंच आहे. जिन्याने चढवलं. एका अर्थी अभ्यासच.

बुधवार, ५. पहाटे.
खुर्चीत बसवत नाही. दारापर्यंत जातो, परत येतो. फिरता फिरता नियम सुचला.
गावच्या शाळेत गुरुजी सगळ्यात शेवटी हात वर करणाऱ्याला आधी विचारायचे. तो बिचारा इतका वेळ धीर गोळा करत असतो. देवही हाक आली की वळतोच. लिफ्टनेही तेच करावं: नवी हाक आली की हातातलं सोडून तिकडे.
चाळीस ओळींत बसलं. मला स्वतःचंच जरा नवल वाटलं.

गुरुवार, ६.
एका मोबाईलवरून सात वेळा बटण दाबलं. सातही वेळा लिफ्ट आली. मॅडमना कळवलं, नव्वद टक्के झालं. दोन मोबाईल लावून उद्या बघू.

शुक्रवार, ७.
ऑफिसात तिघांचे प्रिंटर. नाही म्हणणारच होतो.

शनिवार, ८.
हिला आठव्या मजल्यावर उभं केलं, म्हणजे मोबाईल हातात दिला. मुलगी पाचव्यावर, मी पहिल्यावर. तिघांनी बटणं दाबायला सुरुवात केली. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये वरखाली करत राहिली. वीस मिनिटं. दार एकदाही उघडलं नाही. मुलगी हसून हसून आडवी झाली. मी समजावलं, नियमात खोट नाही, माणसं उतावळी आहेत.
ही म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलीय हो."
कौतुकानेच म्हणाली असणार.

रविवार, ९.
उपाय सापडला. घेतलेली हाक पुरी कर, मग पुढची. दोन तासांचं काम. आठला बसलो.
सव्वाआठला मास्तर. फोनचा आवाज गेलाय. अकराला मेहुणा. कपाट तिथे शोभत नाही, खाली आणायचंय. दुपारी पुन्हा मास्तर. आता आवाज फार मोठा येतोय.
आणखी दोन दिवस मिळाले तर सहज होईल.
रात्रीच्या प्रार्थनेत देवाला शब्द दिला. उद्या समोरचा काहीही विचारो, तोंडातून पहिला शब्द "नाही" निघेल. झोपेपर्यंत पन्नास वेळा घोकलं.

सोमवार, १०. दुपार.
सकाळी मास्तर जिन्यात भेटले. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी फक्त नमस्कार केला. शब्द जिभेवरच राहिला.
अकराला डेमो. पाच जण, पाच मोबाईल. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये तडफडली. मॅडमनी मोबाईल खाली ठेवला. मग अगदी आपुलकीने म्हणाल्या, "काका, आणखी दोन दिवस देऊ का?"
"नाही," मी म्हणालो.
स्पष्ट, एका दमात. सगळे माझ्याकडे बघतच राहिले.
डबा, चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन तळघरात आलो. इथे लिफ्ट येत नाही.
संकल्प मात्र पार पडला.