बिनछताचा डबा

३ जाने., शनि.
सोसायटीचे चिटणीस देवधर आले. चहा संपेपर्यंत थंडीवर बोलले. मग कपाला उद्देशून म्हणाले, "सर, सव्वीस जानेवारीला बागेत गाडी... म्हणजे आग्रह नाही. पोरं विचारतायत." हो म्हणून बसलो. शैला असती तर आधी पोट धरून हसली असती. गाडी तिची, रूळ तिचे, तारा तिच्या. माझ्याकडे हमाली खातं.

४ जाने.
माळ्यावरून खोकी काढली. इंजिन, रूळ, स्टेशन, सगळं तिच्या जुन्या साड्यांत गुंडाळलेलं. एका खोक्यात माणसं. गणपती करून उरलेल्या शाडूची, बोटाच्या पेराएवढी, आमच्याच इमारतीतली. देवधर शिट्टीसह. नेनेआजी काठीसह. फलाटाच्या टोकाला आम्ही दोघं: ती घड्याळ बघतेय, मी भलतीकडे. साम्य उत्तम.

आणि तो बिनछताचा डबा. इमारतीतलं कुणी गेलं की शै. त्याला फलाटावरून उचलून त्यात ठेवायची. "गेले म्हणजे प्रवासाला गेले. दर फेरीला दिसतात की." दिसावेत म्हणूनच छत नाही. पोरांना हा नियम पाठ आहे. सध्या आत चौघं.

खोकं बंद केलं.

११ जाने., रवि.
दिवाणखान्यात रूळ जोडले. शै. प्रत्येक सांध्यात नख घालून बघायची. मी म्हणायचो, झालं का रुळांचं नखरंजन? ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. संस्कृतवाल्यांना उत्तर देण्यात वेळ घालवत नसे. तिच्या जुन्या खुणांप्रमाणे जोडलं तर जागोजाग फटी. शांतं पापम्! एकूण एक सांधा घट्ट दाबून बसवला. गाडी लोण्यासारखी धावली. स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. द्यायला दुसरं आहे कोण.

१८ जाने., रवि.
नेनेआजी तयारी बघायला आल्या. त्यांचे यजमान त्या डब्यात आहेत. दर सव्वीस जानेवारीला आजी वळणापाशी खुर्ची टाकून बसतात, डबा आला की हात करतात. आज फलाटावर शै.ला पाहिलं आणि म्हणाल्या,
"अजून इथेच?"
"गाडी लेट आहे, आजी."
"तुमची असेल. बसवा हो तिला. खिडकीशी. आमच्या ह्यांच्या शेजारी नको, ते पेपर पसरतात."

साप्ताहिकात निधनवार्ता मीच लिहितो. कुणालाही चाळीस शब्दांत पोचवतो. ऑगस्टात तिचीही मीच लिहिली. 'पश्चात पती' हे दोन शब्द मात्र संपादकांनी घातले. फलाट ते डबा, वीतभर अंतर. हात काही

२५ जाने., रवि.
संध्याकाळी बागेत गवतावर फळ्या टाकून सगळं मांडलं. देवधरांनी रात्रीसाठी वरून ताडपत्री घातली. शै. फलाटावरच. उद्या बघू.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन होतंय तोवर पोरं रुळांभोवती. तिसरीतली ईरा म्हणाली, "काका, काकू गेल्या ना? मग डब्यात का नाहीत?" आईने तिला चिमटा काढला. पोरीचं काय चुकलं? नियम म्हणजे नियम.

ठेवली. खिडकीशी. फलाटावर मी उरलो, भलतीकडे बघत.

पहिली फेरी. दुसरी. नेनेआजींनी एकदा हात केला, मग पुन्हा एकदा, दुसऱ्या खिडकीसाठी. मलाही करावासा वाटला. पण चार लोक होते. पुढच्या फेरीला करू म्हटलं.

ऊन चढलं होतं. वळणावर रूळ फुगून वर उचलला आणि डबा आडवा, सगळी मंडळी गवतात.

पोरं शोधायला धावली. "नेनेआजोबा सापडले!" "जोशीकाकू इथे आहेत, उलट्या!" देवधर इस्त्रीचा लेंगा घालून रांगले. चौघं सापडले. शै. नाही. दुपारपर्यंत शोधलं. नाही.

रूळ उन्हात वाढतात. वाढायला जागा लागते. नखभर पुरली असती. ती दर वर्षी माझ्यासमोर नख घालून तेच बघत होती आणि मी विनोद करत होतो.

नेनेआजी: "मधल्याच स्टेशनावर उतरली असेल. तिला गर्दी कुठे सोसायची." खुर्ची मिटता मिटता थांबल्या. "उद्या येते मी शोधायला." त्यांना वाकताही येत नाही.

२७ जाने., मंगळ.
सकाळी आजी काठीने गवत दुभंगत पुढे, मी गुडघ्यांवर मागे. एक बटण मिळालं, आणि देवधरांची शिट्टी. खरी. दव बरंच पडलं होतं. शाडू पाण्यात विरते. म्हणून तर गणपती शाडूचे करायचे. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी शोधत राहिलो.

२८ जाने., बुध.
सकाळी माळी नळी घेऊन आला. धावत खाली गेलो, एका पायात चप्पल. म्हटलं, वळणाच्या या बाजूला पाणी मारू नकोस. कापूही नकोस.
"वाळंल की गवत, सर."
"वाळू दे."
त्याने नळी बंद केली. सगळं ठाऊक असणार. इमारतीत काय लपतं. गवताकडे बघतच म्हणाला, "किती दिवस?"

ऑगस्टपासून हा प्रश्न मला कुणी तोंडावर विचारला नव्हता.

म्हटलं, उद्या सांगतो.