साखळीपलीकडची जेट्टी

१४ जानेवारी
वकीलबाईंचा फोन आला तेव्हा हात मसाल्यात होते. फोन लेकीने, सनाने, माझ्या कानाला धरला. कोर्टाने आमचा अर्ज दाखल करून घेतला. एक निवृत्त न्यायाधीश चौकशी करणार. कोळीवाड्यासाठी मंजूर झालेली सरकारी जेट्टी टेकडीपलीकडे सा.च्या बंगल्याखाली कशी उभी राहिली, तेव्हा मंत्री कोण होतं, तिच्या फाटकाला कुलूप कुणाचं, सगळं विचारणार.
(सा. म्हणजे साहेब. नाव इथेही लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे. या वहीत माझी आई आहे, नमाजाच्या वेळा आहेत, त्यांच्यात तो नको.)
दामूभाऊंना सांगायला गेले. अर्जावर दोनच सह्या आहेत, एक त्यांची आणि एक माझी. जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नातू आता बसाया लागला असता."
बांगडे आणायचे राहिले.

१९ जानेवारी
वकीलबाई मुंबईहून आल्या. स्वातीकडून सगळं पहिल्यापासून वदवून घ्यायला बसल्या. स्वाती म्हणजे दामूभाऊंची सून. एवढीशी पोर.
आषाढात तिला कळा सुरू झाल्या तेव्हा घाटात दरड पडलेली, रस्ता बंद. सरकारी दवाखाना खाडीपलीकडे. पण ओहोटी होती, कोळीवाड्यासमोर नुसता चिखल, होड्या कुशीवर पडलेल्या. पाणी होतं ते फक्त सा.च्या जेट्टीला. खाडीतच जाळं टाकायला गेलेली एक होडी फोन करून तिकडे बोलावली. स्वातीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून टेकडी उतरवली. दामूभाऊ, तिचा नवरा मंगेश, दोन शेजारी आणि मी. खाली लोखंडी फाटक, त्याला साखळी, कुलूप. होडी समोर येऊन उभी, दिसतेय. चौकीदाराने वर बंगल्यात फोन केला. उत्तर आलं, पाहुणे आहेत, आज नको.
तसंच परत आणलं. भरतीची वाट बघितली. बाळ मेलेलं जन्मलं.
स्वाती फाटकापर्यंत सांगते आणि थांबते. वकीलबाईंनी विचारलं, चौकीदाराचे नेमके शब्द काय? मग मीच मागे लागले. सांग ना, आठव, हेच महत्त्वाचं आहे.
ती म्हणाली, "भाबी, तुमाना माजा बाल पायजे का केस?"
केस, असं अगदी ओठांवर आलं होतं.

२७ जाने.
सनाबरोबर माणगावला. लग्नाची खरेदी. शरारा घेतला, शेवाळी रंग, तिला लाल नको होता. तिच्या होणाऱ्या सासूबाई दुकानातच भेटणार होत्या. आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या डोकं दुखतंय. माझा नवरा ह. गाडी चालवताना एकदम बोलला, "त्यांचे डंपर कुणाच्या कामावर चालतात माहीत आहे ना तुला?"
माहीत आहे. सगळ्या तालुक्याचे डंपर एकाच माणसाच्या कामावर चालतात.

५ फेब्रुवारी
मंगनी मोडली.
दोन माणसं गाडीतून सामान घेऊन आली. आम्ही दिलेलं सगळं परत. कपडे, घड्याळ, मिठाईचे डबेसुद्धा घासूनपुसून. मी चहा विचारला. हो म्हणाले, प्यायले! ओटीवर बसून, बशीत ओतून.
सना दारात उभी होती. ते गेल्यावर शांतपणे म्हणाली, "अम्मी, बाळ तिचं मेलं आणि लग्न माझं मोडलं. तुझं काय गेलं?"
ह. कुठेतरी बाहेर गेला. मी भांडी घासली. घासलेलीच होती.

११ फेब्रु.
मशिदीच्या कमिटीने ह.ला बोलावलं. बायकोला आवर घाला, एका घरासाठी सगळ्या मोहल्ल्याचे रस्ते, नळ, दाखले अडतील. ह. कतारला पंधरा वर्षं शेखची बोलणी खाऊन आला, म्हणतो तिथेही इतकं खाली बघून उभा राहिलो नव्हतो.
पर्यटकांना देतो त्या आमच्या दोन्ही खोल्यांची शनिवार-रविवारची बुकिंग रद्द. पुण्याचे पाहुणे दर वर्षी येणारे. नाक्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं की त्या घराचं पाणी खराब आहे.

२२ फेब्रु.
रोजा. सा. स्वतः आले. मगरिबच्या, रोजा सुटायच्या जरा आधी. पांढरा शर्ट, हातात खजुराची पेटी, मागे चार माणसं. ह.ने उठून खुर्ची पुसली. मी त्याच्याकडे बघतच राहिले.
अजान होईपर्यंत सा. आमच्याबरोबर पाण्याला न शिवता बसले. त्यांना सगळं येतं. मग खजूर खाल्ला, माझी भजी खाल्ली, म्हणाले, "ताई, हाताला चव आहे तुमच्या."
मग गोड आवाजात: "जेट्टी माझी नाही. जनतेची आहे. त्या दिवशी चौकीदाराने मूर्खपणा केला, मी त्याला काढून टाकला."
"मग कुलूप का आहे अजून?"
"खोल पाणी आहे. एखादं लहान मूल पडलं तर?"
बोलून हसले नाहीत की चपापले नाहीत. भजं उचललं.
पुढे म्हणाले, त्या बाळाचं नाव जेट्टीला देऊ. काय होतं नाव?
मी म्हटलं, ठेवलं नव्हतं.
"मग ठेवू की."
जाताना सनापाशी थांबले. "बेटा, तुझं ऐकलं. वाईट वाटलं. बोलू का मी त्यांच्याशी? माझा शब्द मोडत नाहीत ते."
सनाने माझ्याकडे पाहिलं. एवढं सरळ तिने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मी नजर काढून घेतली आणि ताटं उचलली.

३ मार्च
मंगेशला नोकरी लागली. चौकीदार. त्याच फाटकावर.
निळी वर्दी, टोपी, शिट्टी. दामूभाऊंच्या घरावरून आले तर वर्दी दोरीवर वाळत घातलेली. स्वाती तिच्या बाह्या सरळ करत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "बोट इकली ना भाबी. तो काय करल मंग?"
सा.ने दुसरा माणूस ठेवला असता तर पगार तेवढाच गेला असता. पण दुसरा माणूस ठेवून त्याला मजा आली नसती.

८ मार्च
महिला दिन म्हणून कार्यक्रम जेट्टीवरच. मंडप, खुर्च्या, मोठमोठे स्पीकर. कुलूप काढलेलं, साखळीवर झेंडूच्या माळा. सगळा गाव गेला. मी जाणार नव्हते. गेले. न बघता राहवलं नसतं.
फलकावरचा पडदा सा.नी ओढला. नाव ठेवलंय 'चिरंजीव'.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं कुणीतरी एक जण तरी कानाला हात लावेल. नाही. माझ्या शेजारची म्हणाली, छान नाव आहे.
मग माइकवरून स्वातीला बोलावलं. नवी साडी, नेसवलेली कुणीतरी, कारण ती एवढी चापूनचोपून नेसत नाही. हातात ताट. तिने सा.ना ओवाळलं. कुंकू लावताना त्यांनी डोकं जरा खाली केलं, ती ठेंगणी ना. फोटोवाला म्हणाला, ताई एकदा परत, दिवा विझला. तिने दिवा परत लावला आणि परत ओवाळलं.
मंगेश फाटकापाशी वर्दीत सावधान उभा.
दामूभाऊ दिसले नाहीत.

९ मार्च
माळा तशाच आहेत. कुलूप परत लागलं.

१५ मार्च
गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. मंगेश बोलतोय. मागे भिंतीवर सा.चा फोटो. "आमाला फाटकावर कोनी अडवला नाय. आमी जानारच व्हतो. रेहानाभाबी बोलल्या, थांबा, भरती येऊ दे. त्यांचा ऐकला म्हनून आमचा बाल गेला."
तीनदा बघितला. वाचून दाखवल्यासारखं बोलतो. पण ते 'भरती येऊ दे' मी म्हटलं होतं. फाटकावरून परत आल्यावर. त्याच्या अंगणात, स्वाती जमिनीवर आडवी पडली असताना. दुसरं कुणी काहीच बोलत नव्हतं, म्हणून मी म्हटलं.
शब्द माझेच, फक्त जागा बदलली. फाटकानंतरचे उचलून फाटकाआधी ठेवले.
दुपारी ह. जेवताना म्हणाला, "म्हणाली होतीस का तू?"
"म्हणाले होते. काय म्हणायला हवं होतं?"
त्याने भात कालवला, खाल्ला नाही. माझी सगळ्यांची बोलणी ऐकून झाली होती, पण हा प्रश्न ह.ने विचारायला नको होता.

१७ मार्च
पिठाच्या गिरणीत एक बाई तिच्या गरोदर सुनेला म्हणाली, चल, उठ इथून. माझ्याकडे न बघता म्हणाली. सून उठली. तिचा डबा राहिला तो मी हातात दिला, तर घेताना पदराने धरला.

ईद
शीरखुर्मा नेहमीएवढाच केला. सवय. कुणी आलं नाही. कमिटीच्या भीतीने माझा सख्खा दीरसुद्धा नाही, फोनवर मुबारक.
चारच्या सुमाराला दामूभाऊ आले. इतकं बरं वाटलं! दोन वाट्या खाल्ल्या. चारोळ्या जास्त आहेत म्हणाले. हात धुतले, पुसले, आणि मग उभ्याउभ्या बोलले, "भाबी, मी अर्जावरना नाव काढला. पोराची वर्दी जाल. आता तुमी एकल्याच."
खाऊन झाल्यावर सांगितलं, त्याचा राग धरू की त्याचे आभार मानू, कळत नाही. आधी सांगितलं असतं तर मी वाटी पुढे केली नसती, हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांना ईदचं माझ्या घरी खायचं होतं.

२ एप्रिल
सना मावशीकडे गेली. पिशवीत शेवाळी शरारा पण भरला. सा.च्या माणसाचा तिला परस्पर फोन येतो, हे मला मावशीकडून कळलं. मी अर्ज मागे घेतला तर मंगनी परत जुळेल, पुढच्याच महिन्यात निकाह, हॉल त्यांच्याकडून. निघताना मी विचारलं, असल्या घरात जाशील तू?
"असल्या घरातून तर जाईन," म्हणाली.

१९ एप्रिल
वकीलबाईंना फलकाचा फोटो हवा होता म्हणून टेकडी उतरून गेले. पलीकडे सा.ची स्पीडबोट, तिच्यात मुंबईचे पाहुणे, बर्फाचा डबा, एक बाई ओरडून कुणाला तरी चिप्स मागत होती. फाटकावर मंगेश.
"भाबी, फोटो नाय काढाचा."
"सरकारी जागा आहे."
"मना सांगितलाय. मांगं व्हा."
मी बोलले. ठरवून नाही, पण शुद्धीत. म्हटलं, पोराच्या नावाखाली उभं राहून रोज सलाम ठोकतोस, पोर वरून बघत असेल तर म्हणत असेल, बरं झालं आलो नाही.
त्याचं तोंड पांढरं पडलं. टोपी काढली, परत घातली. शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि नुसतीच धरून ठेवली. मी फोटो काढला. त्याने अडवलं नाही.
फोटो चांगला आलाय. नाव स्पष्ट वाचता येतं.

२१ एप्रिल
विहिरीवर स्वाती. आपणहून बोलली, कितीतरी दिवसांनी. "काय बोललात त्याला? जेवत नाय. वर्दी काढून बसतो नि परत घालतो."
मी म्हटलं, मला जे म्हटलं त्याने, त्याचं काय?
"त्याला बोलाया लावला. तुमाना कोनी लावला?"
कळशी उचलून गेली. उत्तर आहे माझ्याकडे, खरं तर कितीतरी उत्तरं आहेत. एकही तिला देण्यासारखं नाही.

६ मे
जिल्ह्याच्या गावी, सरकारी विश्रामगृहात चौकशी. ह. बरोबर आलाय. न बोलता आलाय, पण इस्त्रीचा शर्ट घालून.
सकाळी माझी साक्ष. सा.च्या वकिलाने जेट्टीबद्दल काही विचारलंच नाही.
"तुम्ही डॉक्टर आहात?"
"नाही."
"नर्स? सुईण?"
"नाही."
"मग भरतीची वाट बघा, हा सल्ला कुठल्या अधिकाराने दिलात?"
मागे कुणीतरी हसलं. मी म्हटलं, फाटक बंद होतं म्हणून दिला. तो म्हणाला, बाई, फाटक बंद होतं असं आज तुमच्याशिवाय कोणीच म्हणत नाहीये. बसा.
मग स्वाती. तीच जेट्टीवरच्या कार्यक्रमातली साडी. वकिलाने विचारलेल्या सगळ्याला हो म्हणत गेली. भाबीने थांबवलं? हो. तुम्ही आपल्या मर्जीने परत आलात? हो. मग न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि स्वतः विचारलं, अगदी हळू, "मुली, हे राहू दे. तू खुर्चीत बसून फाटकापाशी गेलीस, तेव्हा तिथे तुला कोणी थांबवलं का?"
तिने मंगेशकडे पाहिलं. मग टेबलाकडे.
"थांबवला," म्हणाली.
कोणी?
"पानी द्या," म्हणाली.
पाणी आणलं, तिने ग्लास रिकामा केला. न्यायाधीश म्हणाले, जेवून घ्या, नंतर घेऊ.
आता व्हरांड्यात बसून लिहितेय. बदामाच्या झाडाखाली सा.ची गाडी, काचा वर, इंजिन चालू. त्यांचा वकील आत्ताच जाऊन आला. स्वाती नि मंगेश पायरीवर बसलेत. त्याने तिच्यासाठी वडापाव आणला, तिने कागद उघडून परत बंद केला. तो तिच्या कानाशी सारखा काहीतरी बोलतोय. ह. म्हणतो, तू जा, तिच्याशी बोल. मी म्हटलं, नाही. आता मी तिला काहीही सांगणार नाही.
शिपायाने नाव पुकारलं.
ती उठली. मंगेशही उठला, तर तिने त्याला खाली बस असं खुणावलं, आणि तो बसला. माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीकडेही पाहिलं नाही. चौकशीच्या खोलीचं दार तिनेच आतून लावून घेतलं.