निखिलची मी कोण

१० नोव्हेंबर, सोमवार
निखिल सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. "मावशी, एवढं कशाला," म्हणाला आणि बॅगेत भरलीही.

कालचं लिहायचं नव्हतं. पण डोक्यातून जात नाही. रविवार असूनही दुपारी तो हॉलमध्ये लॅपटॉपवर ऑफिसच्या लोकांशी बोलत बसला होता. मी चहा ठेवायला गेले, तर त्यांना दिसले असणार. पलीकडून कुणीतरी विचारलं, हू इज शी? निखिल हसत म्हणाला, "ओह, दॅट्स द लेडी हू टेक्स केअर ऑफ माय डॅड."

कप ठेवला. आत आले. कणीक भिजवायला घेतली.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याची आई, सुनंदाताई, जाऊन वर्ष होत आलं होतं. सगळ्यांनी त्याला शिकवलं, मावशी म्हण. मला वाटलं, पुढं आपोआप आई होईल. दुसरं मूल नको, निखिल आहे की, असं हे म्हणाले. मी बरं म्हटलं.

११ नोव्हेंबर
आठवी ब. नेमका धडा नाऊन फ्रेजचा. पुढं ढकलणार होते, पण घटक चाचणी आली.

फळ्यावर लिहिलं, द मॅन. मग द ओल्ड मॅन. मग द ओल्ड मॅन अॅट द गेट. सांगितलं, मराठीत वर्णन नामाच्या आधी येतं, इंग्रजीत मागंही शेपूट लागतं, 'हू' लावून हवं तेवढं वाढवा. आणि हे कधी वापरायचं? ऐकणाऱ्याला तो माणूस माहीत नसतो, नाव सांगून उपयोग नसतो, तेव्हा.

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. पोरांना वाटलं मॅडम विसरल्या.

उदाहरणं मागितली. 'द हॉट भजी ऑफ अवर कॉर्नर.' 'द बस दॅट नेव्हर कम्स टू कुंभारी.' चांगली होती. मागच्या बाकावरून एक आवाज, 'द टीचर हू इज अँग्री टुडे.' वर्ग हसला. एरवी मीही हसले असते. त्याला तास संपेपर्यंत उभं केलं.

व्याकरण बरोबर होतं त्याचं.

१३ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. पायाला तेल लावताना. अर्धांगाचा झटका आल्यापासून रोज तेल आणि व्यायाम मीच करून घेते, डावा पाय आता बराच उचलतात.

शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मग घेत न्हाईस व्हय काळजी? खरंच बोलला की पोरगं."

खरंच आहे. त्या वाक्यात खोटं काहीच नाही, तेच तर. मोलकरणीलाही तेच वाक्य चाललं असतं. नर्सलाही.

"तू लई शब्दाशब्दात अडकतीस," म्हणाले. तेलाची वाटी तिथंच ठेवून उठले मी. नंतर त्यांनीच एका हातानं पाय चोळल्याचा आवाज येत होता. गेले नाही.

१५ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत शेख मॅडमना बोलले. इतिहास शिकवतात, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी. त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या, "अहो, माझी सासू अजून मला असलम की दुल्हन म्हणते. नातवंडं आली मला! नाव विसरलीय बहुतेक."

हसलो दोघी. मग त्याच हळूच म्हणाल्या, "पण त्यात असलम तरी आहे माझा. तुमच्या वाक्यात तुम्ही पोराच्या कोणीच नाही हो."

मी डबा झाकला.

१९ नोव्हेंबर
व्हॉट्सअॅपवर नि.चा मेसेज. त्याच्या लग्नपत्रिकेचा इंग्रजी मजकूर. 'मावशी, ग्रामर बघ ना जरा. रुचाकडचे सगळे इंग्लिशवाले आहेत, चूक नको.'

पाहिलं. 'निखिल, सन ऑफ लेट मिसेस सुनंदा अँड मिस्टर विलास.' मग रुचाचे आईवडील. मग हॉटेल, मग वेळ.

पुन्हा वरून वाचलं.

सुनंदाताईंचं नाव हवंच. त्यांच्या फोटोचा हार मीच बदलते, श्राद्धाचा स्वयंपाक मीच करते. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. पण एवढ्या मोठ्या पत्रिकेत एका 'अँड'ची जागा नव्हती?

'प्लेझर'च्या आधी 'द' राहिला होता. तो घातला. 'बाकी बरोबर आहे' असं कळवलं.

अंगठा आला लगेच. थँक्यू मावशी.

२० नोव्हेंबर
शाळेतून येताना स्कूटी कडेला लावून फोन केला. घरी ह्यांच्यासमोर नको होतं.

म्हटलं, "त्या दिवशी ऑफिसच्या लोकांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

त्याला आठवेना. मी वाक्य म्हणून दाखवलं, जसंच्या तसं.

"अगं मावशी, ते होय! मावशी म्हटलं की ते आंट समजतात. स्टेपमदर म्हटलं की तोंडं वेडीवाकडी करतात, सिनेमातल्यासारखी. मी तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं की."

"आणि मदर?"

मागं गाड्यांचा आवाज, कुठला कुणाचा कळेना.

"मदर एकच असते ना गं. तूच सांगायचीस मला, आईचा फोटो बघ म्हणून." मग लगेच, "तू समजून घेणारी आहेस. चल, मीटिंग आहे."

मी सांगायचे, हे खरं. लेकरानं विसरू नये म्हणून सांगायचे. त्याचा हिशोब असा होईल हे...

२४ नोव्हेंबर
पत्रिका छापून आली. खाली बारीक अक्षरात सगळे नातेवाईक. काका, काकू, आत्या, त्यानंतर 'शैलजा मावशी'. ह्यांनी चष्मा लावून बोट ठेवून दाखवलं. "आलंय की नाव!"

ह्यांच्या बायकोचं नाव ह्यांच्या बहिणीच्या खाली. आणि हे खूश.

माहेरी दुधनीला फोन केला, अव्वाला, माझ्या आईला. ती कानडीतच बोलते माझ्याशी. लग्नाला कुठलं लुगडं नेसू, विचारत होती. नातवाचं लग्न म्हणते अजून. तिला काय सांगू?

२८ नोव्हेंबर
नि.चा फोन, स्वतःहून. लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसवायला जोडी लागते, गुरुजी म्हणाले. काका-काकूंना विचारलं होतं, पण काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. "तर तू आणि बाबा बसा."

म्हणजे आधी त्यांना विचारलं होतं. आमच्यासमोर कुणी बोललं नाही. ह्यांना माहीत होतं का? विचारलं, तर टीव्हीचा आवाज वाढवला. माहीत होतं.

नि.ला म्हटलं, "कोण म्हणून बसू?"

"म्हणजे?"

"तिथं तुझ्या आईनं बसायचं असतं. रुचाची माणसं विचारतील, ह्या कोण. तू काय सांगणार, ते आज मला सांग. मग येते."

"मावशी, ऐन वेळेला असं अडवून धरू नकोस ना."

बावीस वर्षं नोकरी, घर, त्याची दहावी, बारावी, कॉलेज. कधी काही अडवून धरलं नाही. पहिल्यांदाच धरलं आणि लगेच ऐकून घ्यावं लागलं.

"विचार करून सांगतो," म्हणाला.

विचार करावा लागतो त्याला.

३० नोव्हेंबर, रविवार
नि.चा फोन नाही. सकाळी ह्यांच्याकडून व्यायाम करून घेतला.

अकराच्या सुमारास अनोळखी नंबर. रुचा. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच बोलली माझ्याशी एकटी. आवाज गोड आहे, जरा घाबरलेला. म्हणाली, "मी तुम्हाला काय म्हणू? निखिल म्हणतो मावशी म्हण. पण सासूला मावशी कसं म्हणायचं?"

सासू म्हणाली. पोरीनं सहज म्हटलं.

विचारलं, "निखिलनं तुझ्या घरी माझी ओळख काय सांगितलीय?"

अडखळली. मग इंग्रजीत शिरली, बहुधा सोपं जावं म्हणून. "ही ऑल्वेज सेज यू आर लाइक अ मदर टू हिम."

खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी शिकवते हे. 'लाइक' लागलं की ती वस्तू ती नसते, तिच्यासारखी असते. आणि 'अ' म्हणजे कुठलीही एक.

पोरगी पलीकडं वाट बघत होती. तिचा काय दोष?

"सांगते," म्हटलं. "उद्या सांगते."

गुरुजींनाही उद्याच कळवायचंय, कोण बसणार ते. हे आतून दोनदा हाक मारून झाले. अजून ओ दिली नाही.