घरचं लोह

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा. ठकी, म्हणजे माझी धाकटी बहीण, स्टँडवर घ्यायला आली आणि भर गर्दीत माझ्या गळ्यात पडली. चाळिशी ओलांडली तरी हिचा पोरकटपणा जात नाही. पंप दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून मी घरी माशा मारत बसलो होतो. तिनंच बोलावलं, की दादा, आमचे पंप कुरकुरतात, ये आणि राहा हवं तितकं. खोली ऐसपैस आहे. खिडकीतून सगळी शेड दिसते.

शेडचा थाट बघण्यासारखा आहे. खाली माशांच्या टाक्या, वर खडीचे लांबच लांब वाफे, त्यांत पालक आणि लेट्यूस. माती औषधालाही नाही. मासे पाण्यात घाण करतात, पंप ते पाणी वाफ्यांत चढवतो, मुळं त्यातलं हवं ते घेतात आणि पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे. ठकीनं मूठभर दाणे टाकले की चिलापी मासे एकमेकांच्या अंगावर चढतात. मेहुणे पूर्वी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे नळ्या, बाटल्या, सगळं जागच्या जागी. इथे माझं छान जमेल असं वाटतं.

७ मार्च, गुरुवार

पंप ताळ्यावर आणला. मेहुणेबुवा मात्र काही ताळ्यावर येण्यातले नाहीत. माणूस गोड बोलतो आणि डोक्यात जातो. त्यांचा एकच हेका, पाण्यात बाहेरचं काही पडता कामा नये. खत नको, औषध नको, माशांचे दाणेसुद्धा घरी केलेले. मी म्हटलं, अशा पाण्यात लोह कमी पडतं, मग पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधलं सगळं पिवळं पडतं, त्याचं काय करता? तर हसून म्हणाले, घरचं लोह घराला पुरतं. माझं डोकंच फिरलं, पण ठकीकडे बघून पंपाकडे वळलो.

ठकी फार वाळली आहे. ओठ पांढरे, जिना चढली की धापा टाकते. पालक तेवढा काळपट हिरवा, टवटवीत. विचारलं तर म्हणते, वय झालं रे.

१० मार्च, रविवार

जेवताना ठकीच्या हातातून वाटी पडली आणि पाठोपाठ तीही. मी उचलून पलंगावर टाकली तेव्हा बाही वर सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला सगळं निळंजांभळं, वर टोचल्याच्या खुणा. मी डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं. मेहुणे म्हणाले, तिचं रक्त मी घरीच बघतो, तुम्ही पंप बघा. मीही मग चांगलंच सुनावलं. तिला घेऊन जाईन, असं तोंडावर सांगितलं. ठकीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

१२ मार्च, मंगळवार

भर दुपारी, लख्ख उजेडात बघितलं.

ठकी उलट्या बादलीवर बसली होती. कोपरातून नळी निघालेली, नळीचं दुसरं टोक टाकीत. मेहुणे तिच्या केसांवरून हात फिरवत होते. मासे एरवी दाण्यांसाठी नुसता धुमाकूळ घालतात, ते नळीभोवती तोंडं वर करून गप्प उभे होते. पाणी जरासं गुलाबी झालं आणि परत निवळलं.

मी नळी ओढून काढली. ठकी माझ्यावरच चिडली. म्हणाली, पानं परत पिवळी पडायला लागली होती, आणि मी दिलेलं मीच पालकातून परत खाते, वाया काही जात नाही. लहान मुलाला समजवावं तसं समजावत होती. मला रडू आलं.

१३ मार्च, बुधवार

हिला इथून काढायचं. पण पानं पिवळी असेपर्यंत ती हलणार नाही, हे स्पष्ट आहे. मग पानं हिरवी करू. बाजारात जाऊन शेतीच्या दुकानदाराला पिवळं पान दाखवलं. त्यानं लोहाच्या खताची बाटली दिली, म्हणाला आठवड्यात फरक बघा. मेहुणे झोपले होते तेव्हा वाफ्यांच्या पाण्यात सगळी ओतली. आता ठकीच्या अंगातून थेंब काढायची कुणाला गरज नाही. आज पोटभर जेवलो.

१४ मार्च, गुरुवार

मासे मेले. सगळे.

बाटलीवर आत्ता वाचलं, आत तांबंही होतं. पानांना चालतं, माशांना विष. मी दुकानदाराला पान दाखवलं आणि माशांचं बोललोच नाही. पाणी एकच आहे, रोज डोळ्यांनी बघतोय, तरी— गाढव मी, गाढव.

ठकी ओरडली नाही, रडलीही नाही. एकेक मासा पदरात घेऊन बसली आहे. मेहुणे म्हणाले, आता नवं पाणी, नवे मासे. थेंबाथेंबानं भागणार नाही, सुरुवातीला भरपूर द्यावं लागेल. मी म्हटलं, तिच्या अंगाला हात लावाल तर याद राखा. त्यांनी मान डोलावली.

१५ मार्च, शुक्रवार

ठकी तयार झाली. शेड धुवायला मदत कर, मग येते तुझ्याबरोबर, म्हणाली. स्वतः चहा करून दिला. चला, सुटली एकदाची—

नंतर—

शेडमध्ये आहे. दार तिनं लावलं. ठकीनंच. कडी बाहेरून. पाय उचलत नाहीत— त्या चहात काहीतरी—

जाळीपलीकडे बोलताहेत. मेहुणे विचारताहेत, पुरेल का. ठकी म्हणते, दादा पहिल्यापासून धडधाकट, कधी साधा ताप नाही. आणि त्याचंच तर म्हणणं होतं, माझं घेऊ नका.

मेहुण्यांनी आत येऊन टाकीत पाणी भरलं. नवे मासे सोडले— तोंडं वर करून—

मागोमाग ठकी आत आली. नळी तिच्या हातात. मी म्हटलं ठकी, अगं मी तुला न्यायला— ती म्हणाली, माहीत आहे रे, शहाणा माझा. माझी बाही दुमडते आहे. उजव्या हाताची शीर चांगली आहे म्हणे, पेन डाव्यात घे. डाव्या हातानं मला लिहि